अंगणात कोणी नाही, तरी दिवा लागतोय: मोशन सेन्सर ताळ्यावर आणायचा कसा

सकाळी सातला आईचा फोन आला. "अगं, काल रात्री चारदा दिवा लागला. चारही वेळा उठून खिडकीतून बघितलं. कुत्रंसुद्धा नव्हतं."

चिपळूणच्या घराच्या पडवीवर सेन्सरचा दिवा बसवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या काकूंनी तोवर आपलं निदान करून टाकलं होतं (त्यात सेन्सरचा काही संबंध नव्हता, अमावस्येचा होता). वायरमनदादांनी फोनवरच उपाय सांगितला, "मागचा स्क्रू थोडा कमी करा." आईने स्क्रू कमी केला. त्या रात्री दिवा तीनदा उगाच लागला, आणि पहाटेच्या गाडीने मी घरी पोचले तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत अंधारातच चाचपडत आले. म्हणजे नको तेव्हा लागणं थांबलं नाही आणि हवं तेव्हा लागणं मात्र बंद झालं.

बहुतेक घरांत हेच होतं. सेन्सर चुकतोय म्हटलं की पहिला हात स्क्रूकडे जातो. तो शेवटी जायला हवा. सेन्सर उगाच लागत नसतो, त्याला काहीतरी दिसलेलं असतं किंवा त्याच्या तारेतून काहीतरी आलेलं असतं. ते काय, हे कळल्याशिवाय स्क्रू फिरवणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी देणं. खालच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने करा.

पहिली पायरी: सेन्सरची जात ओळखा

घरगुती सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिला पीआयआर. त्याच्यावर दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा फुगीर डोळा असतो आणि निरखून बघितलं तर त्यावर चौकटी-चौकटी दिसतात. हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, समोरून येणारी उष्णतेची किरणं फक्त बघतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीची. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता याच टप्प्यात सर्वांत जास्त असते. आत दोन छोटे संवेदक शेजारी-शेजारी, एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोघांना सारखंच दिसलं तर हिशोब शून्य. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर दिसलं तर फरक पडतो आणि दिवा लागतो. डोळ्यावरच्या चौकटी म्हणजे छोटी-छोटी भिंगं. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की हा फरक तयार होतो.

म्हणजे पीआयआरला 'हालचाल' कळत नाही. त्याला कळतो तो पट्ट्यापट्ट्यांतला गरम-थंडाचा फरक. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

दुसरी जात रडारची, म्हणजे मायक्रोवेव्ह सेन्सर. याला दुधी डोळा नसतो. होल्डरमध्ये नुसता फिरवून बसवायचा 'मोशन सेन्सर बल्ब' मिळतो, त्यातले बरेचसे या जातीचे. हा स्वतः लहरी सोडतो, बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीत झालेला बदल पकडतो. त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही. पण लाकूड, काच, पातळ भिंत यांतून तो आरपार बघतो. दोघांचे आजार वेगळे, औषधंही वेगळी. आधी पीआयआरचं सांगते, कारण अंगणात-जिन्यात जास्त करून तोच असतो.

दुसरी पायरी: खोक्याची परीक्षा

चपलांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या आणि सेन्सरचा डोळा पूर्ण झाकला जाईल असं चिकटपट्टीने बसवा. दिव्यावर नको, फक्त सेन्सरवर. मग रोज जेव्हा त्रास होतो त्या वेळात दोन-तीन तास तसंच राहू द्या.

झाकल्यावर दिवा एकदाही लागला नाही, तर सेन्सर धड आहे आणि त्याला बाहेरचं काहीतरी दिसतंय. तिसऱ्या पायरीकडे जा. झाकूनही लागतोय, तर दोष तारेत, विजेत, आत शिरलेल्या किड्यात किंवा खुद्द सेन्सरात. मग मधलं सोडून थेट विजेच्या भागाकडे या.

झाकायला प्लॅस्टिकची काळी पिशवी वापरू नका. आपल्याला ती अपारदर्शक वाटते, पण कचऱ्याच्या पातळ काळ्या पॉलिथिनमधून उष्णतेची किरणं बऱ्यापैकी पलीकडे जातात. सेन्सरचं दुधी भिंगसुद्धा पॉलिथिनचंच असतं. उलट खिडकीची साधी काच, जी आपल्याला आरपार दिसते, ती या किरणांना अडवते. म्हणूनच बंद काचेमागून पीआयआरला रस्त्यावरचा माणूस दिसत नाही.

तिसरी पायरी: एक वही, दोन रात्री

दिवा कधी लागला ती वेळ, वारा होता का, पाऊस होता का, वीज जाऊन आली होती का, एवढंच लिहायचं. जागत बसायची गरज नाही. दिव्यासमोर जुना मोबाइल ठेवून रात्रभर व्हिडिओ घेतला तरी चालतो.

आमच्या वहीत दोन वेगळे गट पडले. पहिला रात्री आठ ते अकरा, आणि तोही वारा असेल तेव्हाच. दुसरा मध्यरात्रीनंतर, वारा असो-नसो, आणि एकदा लागला की लागोपाठ दोन-तीनदा. त्यावरून कळलं की कारण एक नाही, दोन आहेत.

पहिल्या गटाचा उलगडा संध्याकाळी हात लावून झाला. समोर जांभ्याचा गडगा. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर खाऊन तो रात्री दहालासुद्धा कोमट लागत होता. त्याच्यापुढे केळ. केळीचं पान अंधार पडताच थंड होतं. कोमट गडग्यासमोर ते रुंद थंड पान वाऱ्याने हललं की सेन्सरच्या पट्ट्यात कधी गरम, कधी थंड. माणूस गेल्यासारखंच. अकरानंतर गडगा निवला की खेळ बंद. तुमच्याकडे गडग्याऐवजी पत्र्याची शेड असेल, काँक्रीटचं पार्किंग असेल, नुकतीच येऊन उभी राहिलेली गाडी असेल. गाडीचं बॉनेट बराच वेळ तापलेलं असतं आणि त्यावरची गरम हवा वाऱ्याने इकडेतिकडे होते. दोरीवरचे कपडे, एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत, तुळशीपुढची पणती, दिवाळीत झुलणारा आकाशकंदील, सगळे याच यादीतले.

घराच्या आत लावलेल्या सेन्सरला फ्रिजच्या मागची गरम हवा, गॅसची शेगडी, देवघरातली समई आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप छळते. तिरीप काचेतून आत येते, फरशी किंवा पडदा तापवते, आणि ढग आला-गेला की ते तापमान वरखाली होतं.

चौथी पायरी: पाल

दुसऱ्या गटाचा गुन्हेगार मी स्वतः साडेबाराला पडवीत खुर्ची टाकून पकडला. दिवा लागला की किडे आले. किडे आले की पाल आली. दिवा विझला तरी ती तिथेच, सेन्सरच्या अंगावरून चालत पलीकडे. की दिवा परत चालू, परत किडे.

पालीचं अंग भिंतीइतकंच थंड किंवा गरम असतं, मग सेन्सरला ती दिसते कशी? लांबून जवळजवळ दिसतच नाही. पण भिंगावरूनच सरकताना ती एकेक चौकट झाकत जाते आणि त्यामागचं अर्धं अंगण एका बाजूने नाहीसं होतं. सेन्सरच्या लेखी ती म्हैस आहे. कोळी, मुंगळा, भिंगाला चिकटलेलं कोळिष्टक वाऱ्यावर हलणं, हे सगळं त्याच जातीचं.

उपाय बिनखर्चाचे आहेत:

- भिंग महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. साबण नको, खरबरीत घासणं तर नकोच.
- सेन्सर आणि दिवा वेगळे करता येत असतील तर दीड-दोन फुटांचं अंतर ठेवा. किडे दिव्याजवळ राहतात, पाल त्यांच्याजवळ.
- पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावा. निळसर-पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात.
- मागून तार जिथून आत जाते ते भोक सिलिकॉनने किंवा पुट्टीने बुजवा. मुंग्या तिथूनच शिरतात. शिवाय भिंतीतल्या पाइपातून येणारी हवेची झुळूकही थेट आतल्या संवेदकावर येते, ती थांबते.

पालीवर फवारे मारत बसू नका. फवाऱ्याने भिंग चिकट होतं, आणि पाल दुसरी येते.

पाचवी पायरी: सेन्सर काय बघतो ते बदला

आता सेन्सरच्या जागी उभं राहायचं. खरंच स्टूल घ्या आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून समोर बघा. साधारण ११० ते १२० अंशांचा पंखा तो बघतो. त्यात रस्ता येतो का? झाड? शेजाऱ्यांची गच्ची?

उंची साडेसहा ते आठ फुटांच्या आसपास बरी. दहा-बारा फुटांवर बसवला तर त्याचे पट्टे लांब जातात, रस्त्यावरची रिक्षा दिसते आणि पायाखालचा माणूस निसटतो. मान वळणारा सेन्सर असेल तर थोडा खाली झुकवा. लांबचा रस्ता नजरेतून जातो.

दिशा आणखी महत्त्वाची. पीआयआरला आडवा जाणारा माणूस पटकन कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा, कारण सरळ येणारा बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. आमचा सेन्सर फाटकाकडे तोंड करून होता. म्हणजे येणारा माणूस सरळ त्याच्यावर चालून येई, आणि त्याला पकडायला सेन्सिटिव्हिटी वाढवावी लागे, मग केळही दिसे. तो पडवीच्या बाजूच्या खांबावर नेला. आता वाटेवरचा माणूस आडवा जातो, कमी सेन्सिटिव्हिटीवरही दिवा लागतो, आणि केळ कडेला पडली. सगळ्या उपायांतला सर्वांत मोठा फरक या एका बदलाने पडला. जागा बदलायची म्हणजे मेन एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, आणि हात बसलेला नसेल तर वायरमनला बोलावून. २३० व्होल्टशी स्टुलावर उभं राहून प्रयोग नकोत.

जागा बदलणं शक्य नसेल तर भिंगावर पट्टी लावा. एसीच्या कामात वापरतात ती अॅल्युमिनियमची चिकट टेप त्यासाठी उत्तम. ज्या बाजूला झाड किंवा रस्ता आहे त्या बाजूच्या चौकटींवर उभा तुकडा चिकटवा. बोटभर रुंदीपासून सुरुवात करा, समोरून चालून बघा, मग वाढवा. मांजर-कुत्र्यासाठी खालच्या ओळी झाकायच्या. बऱ्याच सेन्सरांत खालच्या ओळीच जमिनीजवळचं बघतात. पट्टी लावताना शेजारचं उजेड मोजणारं छोटं भोक झाकू नका, नाहीतर सेन्सरला भरदुपारी रात्र वाटेल.

सहावी पायरी: आता स्क्रू

मागे किंवा खाली दोन-तीन छोटे स्क्रू असतात. लक्स (किती अंधार झाल्यावर लागायचं), टाइम (किती वेळ लागून राहायचं), सेन्स (सेन्सिटिव्हिटी). बारीक पेचकसाने, हलक्या हाताने. टोकाला गेल्यावर जोर लावला तर आतला तुकडा तुटतो आणि मग नवीन सेन्सर.

आधी टाइम सर्वांत कमी ठेवा, म्हणजे दर तपासणीला पाच मिनिटं वाट बघायला नको. मग सेन्स अगदी कमी करा आणि घरातल्या कोणाला तरी नेहमीच्या वाटेने चालायला सांगा. चालणारा पकडला जाईपर्यंत थोडा-थोडा वाढवा. पकडला की किंचित पुढे आणि थांबा. हे काम रात्री आठनंतर करा, दुपारी नको.

यात आपल्या हवेची एक खोच आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी भिंत-जमीन तापून माणसाच्या कातडीइतकी, तेहेतीस-चौतीस अंशांच्या आसपास येते. फरकच उरत नाही, म्हणून पीआयआर 'आंधळा' होतो. लोक वैतागून सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवतात. जूनमध्ये पाऊस पडतो, सगळं गार होतं, आणि तोच सेन्सर पानापानाला दचकायला लागतो. तुमचा त्रास पावसाळ्याच्या तोंडाला सुरू झाला असेल तर उन्हाळ्यात स्क्रू कोणी फिरवला होता ते आधी विचारा. वर्षातून दोनदा, पाऊस सुरू झाल्यावर आणि मार्चमध्ये, हा स्क्रू बघायचाच असं मी ठरवलंय.

लक्सचा स्क्रू तिन्हीसांजेला लावा. दिवा लागावा इतपत अंधार झाला की स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि दिवा लागेल तिथे सोडायचा. दर थोड्या वेळाने दिवा लागतो-विझतो-लागतो असं चालू असेल, तर त्याला स्वतःचाच उजेड दिसत असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतो, सेन्सरला दिवस वाटतो, दिवा विझतो, परत रात्र. सेन्सर वळवा किंवा मध्ये आडोसा करा.

शेवटी टाइम. घरच्या वाटेला एक ते तीन मिनिटं पुरतात. जुना हॅलोजन असेल तर फार कमी ठेवू नका. तो विझल्यावर निवतो, ते निवणंही जवळच्या सेन्सरला दिसतं आणि दिवा परत लागतो. एलईडी लावला की ही कटकट बरीच कमी होते.

खोकं लावूनही लागत असेल तर

वहीत बघा, वीज जाऊन आल्यावर लगेच लागतो का? तो दोष नव्हे. वीज आल्यावर पीआयआरला स्थिरावायला अर्धा ते एक मिनिट लागतं, तेवढ्यात तो एक-दोनदा लागतोच. लोडशेडिंगच्या गावात किंवा इन्व्हर्टर असलेल्या घरात हे रोज होणार.

पाण्याचा पंप किंवा मिक्सर बंद करतानाच लागत असेल, तर मोटर बंद होताना तारेत उसळणारा झटका त्याच्यापर्यंत पोचतोय. सेन्सरची लाइन पंपाच्या लाइनपासून वेगळी करून घ्या, किंवा वायरमनकडून मोटरच्या स्विचला स्नबर (तो झटका शोषून घेणारा छोटा भाग) लावून घ्या. ढिला न्यूट्रल, हाताने पिळून टेप मारलेले जोड, पावसात ओला झालेला बॉक्स, हेही तपासायला सांगा. कोकणात तर ओला बॉक्स आधी.

सेन्सरला वायफाय राउटर किंवा सिमकार्डवर चालणारा अलार्म अगदी खेटून असेल तर तो दोन-तीन फूट दूर करा. आतला सिग्नल इतका अशक्त असतो की त्याला खूप मोठा करून वापरावं लागतं, त्यात रेडिओ लहरीही घुसतात. एचसी-एसआर५०१ सारखं स्वस्त मॉड्यूल वायफायच्या बोर्डाला चिकटवून घरी दिवा बनवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. माझाही पहिला दिवा दर मिनिटाला लागायचा. दोन्हींत वीतभर तार टाकल्यावर गप्प झाला.

आणि एक, दिवा पूर्ण न लागता मंद मिणमिणत असेल तर ते सेन्सरचं लागणं नाही. न्यूट्रल न घेणाऱ्या दोन तारांच्या सेन्सरमधून थोडा करंट झिरपत राहतो, एलईडीला तेवढा पुरतो. तीन तारांचा सेन्सर लावला की जातं.

रडारचा बल्ब असेल तर

इथे पट्टी, पाल, गडगा काही कामाचं नाही. फिरता पंखा, हलता पडदा, दाराबाहेरून जाणारे शेजारी, प्लॅस्टिकच्या पाइपातून वाहणारं पाणी, यांतलं काहीही त्याला माणूस वाटू शकतं. फ्लॅटच्या बाथरूममध्ये असा बल्ब लावला आणि तो शेजाऱ्यांच्या आंघोळीला लागतो, ही तक्रार मी तीन घरांत ऐकली आहे. बल्बमध्ये सेन्सिटिव्हिटी बदलायची सोय बहुधा नसते. मागे धातूचा पत्रा असेल तर त्या बाजूने लहरी अडतात, तेवढाच उपाय. नाहीतर तो बल्ब बंद स्टोअररूमला द्या आणि बाथरूमला पीआयआर लावा.

चोराचा अलार्म असेल तर

दिवा उगाच लागला तर चालतं, भोंगा वाजला तर सोसायटी जमते. तिथे तीन गोष्टी बघा. सेन्सरचं तोंड खिडकीकडे किंवा एसीकडे नको. 'पल्स काउंट'चा जंपर (किती धक्क्यांनंतर वाजायचं ते ठरवणारी आतली छोटी पिन) असेल तर तो एकवरून दोनवर न्या, म्हणजे एका धक्क्यावर भोंगा होत नाही. बॅटरीचा सेन्सर असेल तर बॅटरी उतरल्यावरही तो वेडेवाकडे संदेश देतो. घरात मांजर असेल तर 'पेट इम्युन' लिहिलेला घ्या, पण तो पुस्तिकेत सांगितलेल्याच उंचीवर, खाली न झुकवता बसवा. आणि मांजर सोफ्याच्या पाठीवर चढलं की तो इम्युन राहत नाही. बदलायचाच असेल तर पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र असलेला घ्या. दोघांनाही दिसलं तरच वाजतो. पाल एकाला फसवते, पडदा दुसऱ्याला. दोघं एकदम फसणं क्वचित.

आमच्या पडवीचं म्हणाल तर सेन्सर खांबावर गेला, केळीच्या बाजूला बोटभर पट्टी लागली, बल्ब पिवळा झाला. दिवा आता रात्री साधारण दोनदा लागतो. एकदा बोका बाहेर पडतो तेव्हा, एकदा परत येतो तेव्हा. खालच्या ओळींवरही पट्टी लावू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. तो घरी आला की नाही, ते मला कळतं."